आत बसून वाट बघा

वाचकांचे प्रश्न

काका, नमस्कार. मी २१ वर्षांचा आहे. गाव चिपळूणजवळ. डिप्लोमा करून आता मुंबईत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कळव्याला मावशीकडे राहतो. मला मुलींऐवजी मुलं आवडतात हे मला आठवीपासून माहीत आहे, पण आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. सांताक्रूझजवळ वाकोल्याला समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टचं केंद्र आहे आणि तिथे आमच्या वयाच्या मुलामुलींचा गट आहे असं कळलं. दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा कुर्ल्याहून रिक्षा केली, इमारतीसमोरून तसाच पुढे चालत गेलो आणि परत फिरलो. दुसऱ्यांदा जवळच्या बसस्टॉपवर पाऊण तास बसलो. दोन मुलं हसत वर गेली. वाटलं, ह्यांचं सगळं ठरलेलं आहे, माझं काहीच नाही. तिथे खरं नाव सांगावं लागतं का? फॉर्म भरावा लागतो का? ओळखीचं कुणी भेटलं तर? मावशीला काय सांगू? आणि एकदा ती पायरी चढली की मग मागे फिरता येतं का?
– आर. एस., कळवा

प्रिय आर.,

तुझं पत्र वाचून मी उठलो आणि खिडकीत जाऊन उभा राहिलो. त्या रस्त्यावरून तसाच पुढे चालत गेलेला एक मुलगा मला फार जवळून माहीत आहे.

मी गेलो १९९९ च्या पावसाळ्यात. २४ वर्षांचा होतो, डोंबिवलीत आईवडिलांबरोबर राहायचो आणि फोर्टमधल्या एका ऑफिसात हिशेब लिहायचो. फाउंटनला फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत 'बॉम्बे दोस्त'चा एक अंक सापडला होता. अशोक राव कवींनी १९९० साली सुरू केलेलं हे समलिंगी लोकांसाठीचं नियतकालिक. चार वर्षांनी, १९९४ मध्ये, त्यांनीच हमसफर ट्रस्ट काढला. तो अंक मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेला आणि कपाटात जुन्या लेजरच्या मागे ठेवला. पीसीओवरून संस्थेत तीनदा फोन लावला आणि पलीकडून 'हॅलो' आलं की तीनदा ठेवून दिला. चौथ्यांदा पत्ता विचारला. महापालिकेच्या जुन्या इमारतीत वाकोल्याला, शुक्रवारी संध्याकाळी या, एवढंच ते म्हणाले. घरी सांगितलं, ऑडिट आहे, उशीर होईल.

जिना महापालिकेच्या शाळेत असतो तसा होता. वर गेलो आणि दाराबाहेर थबकलो, कारण तिथे चपला होत्या. पंधरा-वीस जोड. एक कोल्हापुरी, अंगठा झिजून काळा पडलेला. दोन-तीन पॅरॅगॉनच्या स्लीपर. एक बँकेतल्या माणसाचे असावेत तसे पॉलिश केलेले बूट, मोजे नीट आत खोचलेले. आणि एक निळी रबरी सँडल, जिचा पट्टा सेफ्टी पिनने जोडला होता. माझी डाव्या पायातली तशीच होती, फक्त मी चांभाराकडून टाका घालून घेतला होता. त्या आधी मी आतल्या माणसांची काय काय चित्रं डोक्यात रंगवली होती ती इथे लिहवत नाहीत. सिनेमात आमच्यासारख्यांची टिंगल बघत मोठा झालो होतो, चित्रं तिथूनच आलेली. पण ह्या चपला सत्यनारायणाला आमच्या चाळीत दाराबाहेर असायच्या तशा होत्या.

तरी आत जाववेना. तेवढ्यात एक चाळिशीचे गृहस्थ छत्री झटकत जिना चढून आले. म्हणाले, "पायरीवर पाणी आहे, सांभाळून." मग विचारलं, "आत येताय की कुणाची वाट बघताय?" मी म्हणालो, वाट बघतोय. "मग आत बसून वाट बघा," ते म्हणाले आणि दार उघडं ठेवून आत गेले.

आर., तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी ह्या वाक्यातच देईन. आत गेलास म्हणून काही ठरत नाही. तू कुणाची, कशाची वाट बघतो आहेस हे तुला ठाऊक नसलं तरी चालतं. ती वाट बसस्टॉपवर एकट्याने बघण्यापेक्षा पंख्याखाली, माणसांत बसून बघ. त्या खोलीतून मागे फिरता येतं. मी स्वतः दुसऱ्या शुक्रवारी गेलो नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या शुक्रवारी गेलो. तू नसताना कुणी हजेरी मांडत नाही.

नावाचं. मी त्या दिवशी 'संजय' सांगितलं. कुणी भुवई उंचावली नाही, कारण त्या खोलीतल्या निम्म्या लोकांनी पहिल्या दिवशी असंच कुठलंतरी नाव सांगितलं असावं. सात-आठ महिने मी संजय होतो. एका शुक्रवारी चहा घेताना शेजाऱ्याला म्हटलं, माझं खरं नाव वेगळं आहे. तो म्हणाला, बरं, आता कुठलं घेऊ? आजही दोन जुने मित्र मला संजय म्हणतात आणि मला ते आवडतं. तेव्हा तुला ज्या नावाने हाक मारलेली हवी ते सांग. आजकाल सर्वनामही विचारतात, म्हणजे तुझ्याविषयी बोलताना 'तो' म्हणायचं, 'ती' म्हणायचं की आणखी काही. गोंधळून जाऊ नकोस. जे वाटतं ते सांग, पुढे बदललं तर बदललं.

कागदाचं. गप्पांच्या बैठकीला गेलास तर फार तर नोंदवहीत नाव आणि वय लिहावं लागेल. आधार कार्ड कशाला हवंय असं वाटलं तर सरळ विचार, उत्तर पटलं नाही तर देऊ नकोस. समुपदेशकाला किंवा डॉक्टरला भेटायचं असेल तर फॉर्म असतो, तो वाचून मगच सही कर. ह्या संस्थांची बरीच वर्षं एचआयव्हीच्या कामात गेली आहेत, त्यामुळे तपासणीची सोय तिथे दिसेल. ती कुणी जबरदस्तीने करू शकत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुझी संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. करून घ्यावीशी वाटली तर घे, चांगलंच आहे. सरकारी रुग्णालयांतही ती फुकट होते. पण पहिल्याच दिवशी करायला हवी असं काही नाही. फोटोंचं मात्र आधीच बोलून ठेव. आमच्या वेळी कॅमेरा एखाद्याकडेच असायचा, आता प्रत्येकाच्या खिशात आहे. आत शिरल्यावर जो कुणी बैठक घेत असेल त्याला सांग, "माझा फोटो नको." एवढं पुरतं, कारण देत बसू नकोस.

ओळखीचं कुणी भेटलं तर? मला भेटलं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला आमच्याच ऑफिसातला, वरच्या मजल्यावरचा एक जण. दोघेही पांढरेफटक पडलो. मग तो शेजारी येऊन बसला आणि आम्ही दोन तास एकमेकांकडे बघितलं नाही. सोमवारी लिफ्टमध्ये भेटला तेव्हा "पाऊस फार आहे" म्हणाला. पुढे वर्षानुवर्षं त्याने माझ्याविषयी आणि मी त्याच्याविषयी चकार शब्द काढला नाही. तिथे जो भेटेल तोही तुझ्यासारखाच जिना चढून आलेला असतो, हे लक्षात ठेव. शंभर टक्के हमी मी देत नाही, माणसं माणसंच असतात. पण बसस्टॉपवर कुणी ओळखीचं दिसण्याची भीती जास्त खरी आहे.

आता मावशी. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मुलं घाई करतात. केंद्रात जाणं आणि घरी सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं केलं म्हणून दुसरं करावं लागत नाही. तुझं शिक्षण अजून बाकी आहे, तू त्यांच्या घरी जेवतोस, झोपतोस. तिथून उद्या बाहेर पडायची वेळ आली तर कुठे राहशील ह्याचं उत्तर तुझ्याजवळ नसेल, तर आज सांगू नकोस. ह्यात भित्रेपणा नाही. मी आईला सांगितलं ते नोकरीत कायम झाल्यावर, ३१ व्या वर्षी. मावशीला म्हण, "सांताक्रूझला एका संस्थेच्या कार्यक्रमाला जातोय, नऊपर्यंत येतो." ह्यात एक अक्षर खोटं नाही. मी ऑडिटचं खोटं बोललो आणि मग ते ऑडिट वर्षभर चाललं. आई विचारायची, तुमच्या ऑफिसात एवढा कसला घोळ आहे रे? ते ओझं तू घेऊ नकोस. फोनवरचं लोकेशन घरच्यांना दिसत असेल तर ते आधी तपासून घे, आणि जवळच्या एका तरी मित्राला तू कुठल्या भागात आहेस हे माहीत असू दे.

कधी जायचं? एकदम मोठ्या कार्यक्रमाला जाऊ नकोस. प्राइडच्या, म्हणजे आपल्या लोकांच्या मोर्चाच्या, आधीचे दिवस, पार्टी, सिनेमाचा कार्यक्रम अशा वेळी शंभर माणसं असतात आणि नव्याकडे बघायला कुणाला सवड नसते. आधी फोन कर, किंवा बोलवत नसेल तर ईमेल कर. लिही की मी पहिल्यांदाच येतो आहे, शांत दिवस कुठला? हमसफरचा तरुणांसाठीचा गट 'यारियाँ' नावाचा आहे, मुलींसाठी आणि ट्रान्स पुरुषांसाठी (जन्मावेळी मुलगी ठरवलेले, पण स्वतःला पुरुष मानणारे) 'उमंग' आहे. त्यांचे कार्यक्रम जाहीर होत असतात. पहिल्यांदा येणाऱ्याला कुणी दाराशी घ्यायला येईल का, हेही विचार. विचारायला संकोच वाटेल, पण विचार. मी पुढे अनेक वर्षं तिथे शुक्रवारी मदत करायचो. कुणी असं कळवलं की मी खाली पानवाल्यापाशी जाऊन उभा राहायचो.

एक गोष्ट तुला आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू पहिल्याच दिवशी नाराज होऊन परतशील. बोलणं बहुतेक हिंदी-इंग्रजीत चालेल. काही मुलं फाडफाड इंग्रजी बोलतील, त्यांना सगळे शब्द पाठ असतील, त्यांचे कपडे, केस, कानातलं बघून तुला वाटेल, ही जागा ह्यांची आहे, माझी नाही. मला हे मनापासून खटकतं आणि मी तिथेही भांडलो आहे. चिपळूणचा, सांगोल्याचा, वाड्याचा मुलगा जीव मुठीत धरून येतो आणि भाषेमुळे कोपऱ्यात बसतो, हे बरोबर नाही. तू मराठीत बोल. "मी मराठीत बोलतो" एवढं म्हण आणि बोल. खोलीतले चार जण तरी मान वर करून बघतील, कारण तेही कुणी सांगेल म्हणून थांबलेले असतात. आणि ती हसत वर गेलेली दोन मुलं? त्यांचंही सगळं ठरलेलं आहे असं समजू नकोस. जिन्यात माणसं हसतात ती पुष्कळदा धीर यावा म्हणून.

तिथे कुणी तुझा नंबर मागेल. नको वाटलं तर "आज नको" म्हण, त्याला मान्य करावंच लागेल. पण अ‍ॅपवर भेटलेल्या अनोळखी माणसाच्या खोलीवर पहिल्यांदा जाण्यापेक्षा पहिली ओळख ह्या खोलीत होणं मला कितीतरी बरं वाटतं. अ‍ॅपवरून बोलवायचं, फोटो काढायचे आणि घरी सांगण्याची धमकी देऊन पैसे उकळायचे, हे प्रकार आपल्याकडे होतात. अशी मुलं रडत आलेली मी बघितली आहेत. कुणी असं केलं तर एक रुपयाही देऊ नकोस, मेसेज पुसू नकोस, आणि संस्थेतल्या माणसाला बरोबर घेऊन पोलिसांत जा. कलम ३७७ ची भीती घालतील. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. मी जिना चढलो तेव्हा त्याच कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा लिहिलेली होती. तुझ्या डोक्यावर ते नाही.

त्या पहिल्या शुक्रवारी मी दोन तासांत एक शब्दही बोललो नाही. खिडकीजवळ बसलो. एकाच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि डिपॉझिट कसं भरायचं ह्यावर बराच वेळ गेला. कुणी भाड्याच्या खोलीविषयी विचारलं. मला वाटलं होतं तसं काही घडलंच नाही. शेवटी स्टीलच्या ग्लासातून अर्धा चहा आला.

परतीच्या लोकलमध्ये कुर्ल्याला चढलो, दारात उभा राहिलो आणि एक गोष्ट लक्षात आली. सातवीत असताना वर्गात सगळ्यांसमोर एका शिक्षकांनी माझी नक्कल केली होती, बोलताना माझे हात कसे हलतात त्याची. तेव्हापासून मी बोलताना हात खिशात ठेवायचो, नाहीतर मांडीखाली. ऑफिसात, लग्नात, देवळात, सगळीकडे माझं एक लक्ष कायम हातांवर. त्या दोन तासांत मी हातांकडे बघितलंच नव्हतं. ते कुठे होते, आठवेना. घाटकोपर येईपर्यंत मी तेच आठवत होतो.

तू जाऊन ये आणि तुझं कशावर लक्ष असतं ते मला लिही.

*

मुलगी २३ वर्षांची, गोरेगावला नोकरी करते. कपडे धुवायला टाकताना तिच्या बॅगेत अशाच एका संस्थेचं पत्रक मिळालं, त्यावर पेनाने तारीख आणि वेळ लिहिलेली. मी रात्रभर झोपले नाही. अशा ठिकाणी मुलांना ह्या गोष्टी शिकवतात का? तिला चांगल्या डॉक्टरांकडे न्यावं का? यजमानांना अजून सांगितलेलं नाही.
– एक आई, ठाणे

ताई, आधी ते पत्रक होतं तिथे ठेवा. आणि यजमानांना एवढ्यात सांगू नका. हे सांगण्याचा हक्क मुलीचा आहे.

शिकवत नाहीत. शिकवून हे येत नाही. तुम्ही आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर मुलामुलींच्याच प्रेमाचे सिनेमे बघितले, लग्नं बघितली, त्याने माझ्यात काही बदल झाला नाही. मुलगी तिथे गेली असेल तर स्वतःविषयी आधीच काहीतरी उमगलेलं घेऊन गेली असेल. किंवा मैत्रिणीला सोबत म्हणून गेली असेल, तेही होतं.

डॉक्टरांचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 'बदलून देतो' म्हणणारे डॉक्टर अजून भेटतील, औषधं देतील, पैसे घेतील. मद्रास उच्च न्यायालयातल्या एका खटल्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीला तिच्या घरच्यांनी असंच नेलं होतं. त्या सहा महिन्यांनी काय बदललं विचाराल, तर ती आता आईशी फक्त दिवाळीला फोनवर बोलते.

तुम्हाला झोप लागत नाही त्याची मात्र दखल घ्यायला हवी. मुंबईत अशा मुलांच्या आईवडिलांचा एक गट आहे, 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स'. तिथे तुमच्यासारख्या आया भेटतील, ज्यांनी बॅगेत, फोनमध्ये, कपाटात काहीतरी बघितलं आणि रात्र काढली. त्यांच्याशी बोला, तुमचं नाव न सांगता बोला. मुलीला काही विचारू नका. पण एखाद्या संध्याकाळी टीव्हीवर असा विषय निघाला आणि घरात कुणी नाक मुरडलं, तर तुम्ही म्हणा, "असतात अशी माणसं, त्यात काय." ती ऐकत असेल. पुढचं ती आपल्या वेळेने बोलेल. त्या दिवशी तुम्ही रडलात तरी चालेल, पण तिचा हात सोडू नका.

*

मी १६ वर्षांची आहे, सांगली जिल्ह्यात राहते. मला आमच्या क्लासमधली एक मुलगी आवडते. मला अशा केंद्रात जाता येईल का?
– नाव नको

बाळा, केंद्रातल्या बैठका बहुतेक १८ वर्षांवरच्यांसाठीच असतात, कायद्यामुळे त्यांना ती काळजी घ्यावी लागते. म्हणून तुला 'नाही' म्हटलं तर ते तुला नाकारतात असं समजू नकोस. तोवर बोलायला माणूस हवं असेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ ह्या नंबरवर रात्री-बेरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. घरात मारहाण झाली, शाळा बंद करतो म्हणाले किंवा लग्नाचं काढलं, तर १०९८ ह्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन कर.

कुणी आवडणं ह्यात तुझी काहीच चूक नाही. त्या मुलीला सांगायची घाई करू नकोस, आणि मोबाइलवर लिहून तर मुळीच नको, तो कुणाच्याही हाती जातो. पुण्या-मुंबईची केंद्रं दोन वर्षांनी तिथेच असतील. पत्रावर तू गावाचं नाव घातलं नाहीस, ते बरोबर केलंस. पुन्हा लिहिलंस तरी घालू नकोस, मी अक्षर ओळखेन.